नकाशात नसलेले पाणी

दलित साहित्याने गावकुसाबाहेरचा वाडा लिहिला, गिरणी लिहिली, झोपडपट्टी लिहिली, मेलेल्या ढोराभोवतीची झोंबाझोंबी लिहिली. कोळशाची खाण मात्र आपल्या लिखाणात फारशी उतरली नाही. याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात शंभर वर्षांहून अधिक काळ कोळसा निघतो आहे. वरोऱ्याची जुनी सरकारी खाण तर १९०६ मध्ये बंदही पडली. या खाणींत कोण उतरले, हे आमच्या भागातल्या कोणत्याही खाणवस्तीत गेले की डोळ्यांना दिसते. गोंड, महार, छत्तीसगडातून आलेले सतनामी. झरिया-राणीगंजकडे गेलो तर बाउरी, संथाळ, भुईया, चमार, दुसाध. तरीही खाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कोळसा. माणूस नंतर येतो, आणि तोही मेला तरच.

मेला तरी येतोच असे नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे देशातल्या मोठ्या कोळसा-अपघातांची एक यादी आहे. दहा किंवा अधिक माणसे ज्यात गेली ते अपघात तीत आहेत. तारीख, खाण, मृतांची संख्या आणि कारण, अशी एकेक ओळ. त्या यादीतल्या आमच्या मुलखाच्या तीन ओळी पाहा. ५ ऑगस्ट १९५३, माजरी, ११. १० डिसेंबर १९५४, न्यूटन चिखली, ६३. १८ नोव्हेंबर १९७५, सिलेवाडा, १०. माजरी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातली. न्यूटन चिखली छिंदवाड्यात परासियाजवळ. पण १९५४ मध्ये छिंदवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सिलेवाडा तर नागपूर जिल्ह्यातच, खापरखेड्याच्या बाजूला. तिन्ही ठिकाणी कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे : पाणी.

महाडच्या तळ्यावर ज्यांना पाणी शिवू दिले नाही त्यांना जमिनीखाली पाण्याने गाठले, असे एक वाक्य इथे लिहिता येईल. सभेत त्याला टाळ्याही मिळतील. पण त्या वाक्याने काही कळत नाही. पाणी आत आले कसे, हे आपण पाहिले पाहिजे. कारण या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि इतिहास लिहिणे हे आपले काम आहे.

भूमिगत खाणीत कोळशाचा थर सगळाच्या सगळा काढत नाहीत. आडव्या-उभ्या गल्ल्या पाडतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. वरचे छत त्या खांबांवर उभे असते. पुढे मागे सरकत सरकत हे खांबही काढून घेतात, तेव्हा मागची पोकळी कोसळू देतात. त्या कोसळलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. खाण चालू असते तोवर पंप चालू असतात. खाण बंद झाली, मालक निघून गेला, पंप थांबले, की झिरपणारे पाणी त्या गल्ल्यांत आणि गोफात साचू लागते. वर शेत असते, बाभळी असतात, ढोरे चरतात. खाली एक तळे तयार झालेले असते आणि त्याचा वरच्या माणसाला पत्ताही नसतो. वीस-तीस वर्षांनी शेजारी किंवा त्याच थराच्या खाली दुसरी खाण पुढे सरकत येते. दोन्हींमध्ये कोळशाची एक भिंत उरते. ती भिंत किती जाड आहे, यावर खाली उतरलेल्या पाळीचे जगणे अवलंबून असते.

आणि भिंत किती जाड आहे हे सांगणार कोण? जुन्या खाणीचा नकाशा. दुसरा साक्षीदार नसतो.

कायद्याला हे माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि १८९९ मध्ये बलुचिस्तानात खोस्तच्या कोळसा खाणीत मोठे अपघात झाले, त्यानंतर १९०१ चा खाण कायदा आला. १९०२ पासून खाणींची तपासणी करणारे सरकारी खाते आहे. पुढे १९२३ चा कायदा, १९५२ चा कायदा. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत तर अगदी स्पष्ट लिहिले होते : जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत यायचे असेल आणि ते काम पाण्यापासून मोकळे असल्याची खात्री नसेल, तर आधी परवानगी घ्या, पुढे छिद्रे पाडून चाचपणी करा, मगच पाऊल टाका. नियम चांगला आहे. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. जुने काम कुठे संपते हे कागदावर खरे लिहिलेले आहे, हे ते गृहीत.

ते खरे का नसते, हे समजण्यासाठी खासगी मालकीचा काळ आठवावा लागतो. १९७१ ते १९७३ च्या दरम्यान कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधी असंख्य लहानमोठे मालक होते. ज्याला लवकर पैसा काढून निघायचे आहे तो हद्दीचा दगड पाळत नाही. शेजारच्या पट्ट्यातला कोळसा काढला तर तो नकाशात दाखवून चालत नाही, कारण दाखवला की रॉयल्टी द्यावी लागते आणि चोरीही उघडी पडते. खांब ठरल्यापेक्षा बारीक केले तर तेही दाखवायचे नसते. मालक बदलला, कारकून बदलला, कागदाला वाळवी लागली. जमिनीखाली पोकळी राहिली आणि नकाशात मात्र तिथे भरीव कोळसाच राहिला.

हाजरी-वहीचीही हीच गोष्ट. एका वहीत खरी नावे, तपासनिसासाठी दुसरी वही. कंत्राटदाराच्या माणसाचे नाव कुठल्याच वहीत नाही. जुन्या कामगारांच्या तोंडी हे इतक्यांदा ऐकले आहे की त्यांना ते सांगण्यासारखेही वाटत नाही. मला दोन्हींत एकच हात दिसतो. ज्याने न दाखवता कोळसा काढला, त्याने तो न दाखवलेल्या माणसाकडूनच काढून घेतला. त्या माणसाला ती गल्ली ठाऊक होती. त्याने ती आपल्या सब्बलीने खोदली होती. त्याला कोणी विचारून लिहून ठेवले असते तर तो उत्तम नकाशा झाला असता.

आता चासनालाकडे वळू, कारण सिलेवाड्याची ओळ पुसली गेली ती चासनालामुळे. कोल इंडिया ही सरकारी कंपनी १ नोव्हेंबर १९७५ ला स्थापन झाली. सतराव्या दिवशी सिलेवाड्यात पाणी शिरून १० माणसे गेली. त्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतले पाणी मधली भिंत फोडून खाली आले. सरकारी आकडा ३७५. तिथले कामगार यापेक्षा मोठा आकडा सांगत आले. वहीत नाव नसलेल्या माणसाचे प्रेत मोजायचे कसे, हा वाद त्यातला खरा वाद. खाण इंडियन आयर्न अँड स्टीलची. तिचे व्यवस्थापन १९७२ पासून सरकारच्या हाती होते. पाणी उपसायला परदेशातून पंप आणावे लागले आणि पहिले प्रेत हाती लागायला आठवडे गेले. देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. खटला मात्र सावकाश चालला. २०१२ मध्ये धनबादच्या न्यायालयाने दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एक वर्षाची शिक्षा सुनावली. काही आरोपी तोवर मरूनही गेले होते.

चासनालावर सिनेमा निघाला, १९७९ चा ‘काला पत्थर’. आमच्याकडे तो पुन्हा पुन्हा लागत असे आणि खाणकामगारच तो पुन्हा पुन्हा पाहत. त्यातले तीन नायक पाहा. एक बदनाम झालेला जहाजाचा कप्तान, एक इंजिनिअर, एक तुरुंगातून पळालेला गुन्हेगार. खाणीवरच्या सिनेमात बापजाद्यांपासून खाणीत राबणारा एकही नायक नाही. खाणीत उतरणे हे कप्तानासाठी प्रायश्चित्त असते. ज्याच्यासाठी ते रोजचे जेवण आहे, तो मागच्या गर्दीत उभा राहतो आणि पाणी आले की आधी बुडतो.

पाणी हुद्दा विचारत नाही, हे खरे. पण दिवसातले किती तास कोण खाली राहणार आणि खाली नेमके कुठे उभे राहणार, हे हुद्दाच ठरवतो. भूमिगत खाणीत काम पुढे सरकते ते टोकाला. तिथे मलकट्टा असे, म्हणजे कोळसा तोडणारा. तिथे लोडर असतो. टब ढकलणारा ट्रामर त्याच्या मागे. सरदार आणि ओव्हरमन ये-जा करतात. सर्व्हेअर कधीतरी येतो. मॅनेजर फेरी मारतो. अपघाताच्या कागदात मृताचा हुद्दा लिहिलेला सापडतो, जात सापडत नाही. त्यामुळे खाण जातिनिरपेक्ष आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या वस्तीत जाऊन लोडरांच्या चाळी आणि स्टाफच्या बंगल्या यांतल्या नावांच्या पाट्या एकदा वाचाव्यात.

या सगळ्यात बाबासाहेबांचे नाव येते, आणि ते नीट आले पाहिजे. आपल्याकडे ते अर्धवट सांगितले जाते. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले व १९४६ पर्यंत त्या जागी राहिले. खाणी त्यांच्या खात्याखाली होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि भुलनबरारी खाणीत सुमारे ४०० फूट खाली उतरले. खाली स्त्री-पुरुष कसे काम करतात ते त्यांनी पाहिले, वर येऊन कामगारांची घरे पाहिली. त्याआधी या देशाच्या मजूर खात्याचा कारभार पाहणाऱ्यांत कोळशाच्या टोकापर्यंत जाऊन आलेला, आणि ज्या समाजातून ते मजूर येत त्याच समाजातला माणूस दुसरा नव्हता. एवढे आपण भाषणांतून सांगतो. त्या वेळी खाली स्त्रिया का होत्या, हे सांगत नाही.

पूर्वी खाणीत नवरा-बायको जोडीने उतरत. नवरा कोळसा तोडी, बायको टोपलीत भरून टबापर्यंत वाही. तिला कामीन म्हणत. १९२० च्या सुमारास झरिया-राणीगंजच्या मजुरांत सुमारे एक तृतीयांश स्त्रिया होत्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने काढायचे ठरले आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. १९३५ च्या आंतरराष्ट्रीय कराराला हिंदुस्थान सरकारने १९३८ मध्ये मान्यताही दिली. मग महायुद्ध आले. विमानतळांच्या व लष्करी कामांवर जास्त मजुरी मिळू लागली, मजूर खाणी सोडून गेले, रेल्वे आणि कारखान्यांना कोळसा पुरेना. १९४३ च्या उत्तरार्धात सरकारने बंदी उठवली आणि कामीन पुन्हा खाली उतरली. ते सरकार ज्यांचे होते त्यात मजूरमंत्री बाबासाहेब होते.

अखिल भारतीय महिला परिषदेने याविरुद्ध आवाज उठवला. ८ फेब्रुवारी १९४४ ला मध्यवर्ती कायदेमंडळात रेणुका राय यांनी तहकुबी सूचना आणली. बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली : हा युद्धकाळातला तात्पुरता उपाय आहे, कोळशावाचून सगळेच थांबेल, आणि खाली उतरणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. बुटक्या गल्ल्यांत तिला काम देता येणार नाही, अशीही अट होती. समान कामाला समान मजुरीचे तत्त्व या देशातल्या एका उद्योगात सरकारने असे लेखी बांधले, ते खाणीच्या अंधारात.

यावर दोन सोपी मते तयार मिळतात. एक म्हणते, बाबासाहेब कधी चुकतच नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगूच नका. दुसरे म्हणते, बघा, तुमच्या नेत्यानेच बायकांना खाणीत ढकलले. मला दोन्ही मते आळशी वाटतात. बंदी घातली तेव्हा कामीनला कोणी विचारले नव्हते. तिची मजुरी गेली, घरात येणारा पैसा अर्धा झाला, आणि बंदीचे कौतुक करणाऱ्यांच्या घरी त्याची झळ गेली नाही. बंदी उठवली तेव्हाही तिला कोणी विचारले नाही. युद्धाला कोळसा हवा होता. महिला परिषदेचा आक्षेप रास्त होता; त्या आक्षेपात कामीनच्या भाकरीचा हिशेब पुरेसा नव्हता, हेही खरे. बाबासाहेबांचे वेगळेपण असे की उतरावेच लागणार असेल तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्यांनी कागदावर आणला. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि त्यातून कोळसा पट्ट्यात दवाखाने, घरे यांची कामे झाली. १९४५ मध्ये खाणींच्या बाळंतपण कायद्यात दुरुस्ती होऊन भूमिगत काम करणाऱ्या स्त्रीचे संरक्षण वाढले. खाणीवर पाळणाघर हवे, ही सक्तीही त्याच काळातली. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी पुन्हा लागू झाली, तेव्हा बाबासाहेब अजून पदावर होते. तात्पुरते म्हटले होते, ते तात्पुरतेच राहिले.

बंदी परत आली, समान मजुरीची कामीन मात्र वर येऊन कोळसा निवडू लागली, मग तेही काम यंत्राने घेतले. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर बाईने नोकरी सोडावी आणि तिच्या जागी मुलाला किंवा जावयाला लावावे, अशा योजना निघाल्या. २०१९ मध्ये सरकारने स्त्रियांना भूमिगत खाणीत तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या जागांवर जायची मुभा दिली. चांगली गोष्ट आहे. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने खाण अभियंता होऊन खाली जावे अशी माझी इच्छा आहे. तिने खाली जाताना एवढेच लक्षात ठेवावे की या वाटेने तिच्याआधी बायका गेल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर टोपली होती.

पाण्याविषयी इतके लिहिले, पण खाणीत सर्वांत जास्त माणसे पाण्याने मेलेली नाहीत. या देशाच्या भूमिगत खाणींत सर्वांत मोठा मारेकरी छत आहे. खाणीत छताला चाल म्हणतात. चाल पडते तेव्हा एक मरतो, फार तर दोन-तीन. दहाच्या यादीत ती ओळ येत नाही. सिनेमा निघत नाही, न्यायमूर्तींची चौकशी बसत नाही. दुसऱ्या दिवशी तीच पाळी तिथेच जाते.

माझा बाप लोडर होता. बेलचा आणि टोपली घेऊन त्याने अठ्ठावीस वर्षे टब भरले. मी कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा त्याने मला विचारले होते, “इतिहास म्हंजे राजाचाच काय रे?” चालीबद्दल तो फार थोडे बोले, पण जे बोले ते नेमके असे. “चाल बोलते, पोरा. ऐकाले शिकाव लागते. सब्बलीनं ठोकून पाहाव. ठणठण वाजली त काम कर, भदभद वाजली त पय.” छताला आधार म्हणून लावलेल्या लाकडी खुंट्याविषयीही त्याचे एक मत होते. लोखंडी टेकू आले तेव्हा इंजिनिअर खूश झाले, जुने लोडर झाले नाहीत. कारण लाकूड मोडण्याआधी करकरते, लोखंड सांगत नाही. लोखंड जास्त वजन पेलते हे त्याला मान्य होते. तो फक्त एवढेच म्हणत होता की त्याच्याशी बोलणारे एक साधन काढून घेतले गेले. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात आहे? सरदाराला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळते. लोडराच्या कानाला कोणी प्रमाणपत्र दिले नाही, आणि टनाचा हिशेब मागणाऱ्याने त्या कानाचे ऐकलेही नाही. खांब काढण्याच्या कामात चाल बोलू लागली आणि लोडर मागे सरकला, तर त्या दिवशीची हाजरी कापल्याच्या गोष्टी आमच्या चाळीत ओट्यावर बसून सांगितल्या जात. एका पाळीत बापाच्या शेजारचा माणूस गेला. बापाने घरी येऊन फक्त बत्तीचा नंबर सांगितला. खाणीत उतरताना प्रत्येकाला टोपीवरची बत्ती नंबराने मिळते. पाळी सुटल्यावर बत्तीघरात ज्या खुंटीवर बत्ती परत येत नाही, तो माणूस खाली राहिला.

जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. आता देशातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो, भूमिगत खाणींचा वाटा फार थोडा उरला आहे. १९५७ ची नियमावली जाऊन २०१७ ची नवी आली. पण २ फेब्रुवारी २००१ ला झरियातल्या बागडिगी खाणीत शेजारच्या बंद जयरामपूर खाणीतले पाणी शिरून २९ माणसे गेली, तेव्हाही नकाशातली भिंत आणि जमिनीखालची भिंत जुळत नव्हती. राष्ट्रीयीकरणाला तोवर २८ वर्षे झाली होती. ज्या खाणींना नकाशाच नसतो अशाही खाणी अजून आहेत. मेघालयात उंदराच्या बिळासारख्या खाणींवर २०१४ मध्ये हरित लवादाने बंदी घातली. १३ डिसेंबर २०१८ ला तिथल्याच क्सान गावाच्या खाणीत पाणी भरले व किमान १५ मजूर आत राहिले. महिनाभराच्या धडपडीनंतर दोन प्रेते निघाली. ६ जानेवारी २०२५ ला आसामच्या उमरांग्सोत तसेच झाले, ९ मजूर गेले. चौघांची प्रेते त्याच महिन्यात मिळाली, उरलेल्यांची फेब्रुवारीत, पाणी उपसल्यावर. हे मजूर दूरदूरच्या गावांतून आलेले गरीब लोक. त्यांचे नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर चढले ते बेपत्ता म्हणून.

आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी भूमिगत खाणी बंद झाल्या आहेत, होत आहेत. त्यांतही आता पाणी भरते आहे. त्यांचे नकाशे कार्यालयांत आहेत, आणि ते खरे असोत. त्या खाणींत उतरलेली शेवटची पिढी मात्र सत्तरीला टेकली आहे. दम लागतो, कानांना कमी ऐकू येते. माजरी, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, उमरेड, सिलेवाडा, कामठी, परासिया, जुन्नारदेव या बाजूंना आपले जे वाचक आहेत, त्यांना माझे एक काम आहे. आपल्या घरातला किंवा चाळीतला जो माणूस खाली राहिला त्याचे नाव लिहून पाठवा. सोबत त्याचे गाव, काम, साल, खाणीचा नंबर, आणि पाणी, चाल, वायू की स्फोट ते. बत्तीचा नंबर आठवत असेल तर तोही. संपादकांच्या पत्त्यावर पाठवले तरी चालेल. एवढा मजकूर पोस्टकार्डावर मावतो. सुरुवात मी केली आहे. बापाच्या शेजारच्या माणसाचे कार्ड पहिले आहे.